डोमानं सांगितलं नव्हतं

साकोली, शनिवार, १२ जुलै २०२५

प्रतिक्षा,

‘प्रिय’ लिहू की नको, यातच दोन कागद फाडले. मग म्हटलं, नुसतं नाव लिहावं. नावात काही खोटं नाही.

अक्षर ओळखलंच असशील. सात वर्षांनी लिहिते आहे, आणि तेही कामाचं. तुझ्या कादंबरीच्या तिसऱ्या भागाचा हातानं लिहिलेला खर्डा अनुपनं मागच्या महिन्यात माझ्या दुकानात आणून दिला. बसस्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. नवऱ्यानं, निकेशनं, लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी काढून दिलं. सध्या धानाच्या ऑनलाइन नोंदणीची गर्दी आहे, त्यात कोणाचं आधार कार्ड जुळत नाही, कोणाचा सातबारा निघत नाही. अशाच गर्दीतून वेळ काढून मी तुझे आधीचे दोन्ही भाग टाइप केले आहेत. होय, मीच. तुझा भाऊ तुला ‘साकोलीतली एक बाई’ असं सांगत आला, कारण मी त्याला तसं बजावलं होतं. त्याच्यावर चिडू नको.

अनुप म्हणाला, पुण्यात तुझं अक्षर कोणाला लागत नाही. मला हसू आलं. सातवीपासून तुझ्या वह्या उतरवून घेतल्या आहेत मी. तुझा ‘क’ आडवा पडलेला असतो आणि ‘ण’ला कधीच शेपूट नसते, हे जगात मला आणि देशमुख सरांना माहीत होतं, आणि सर तर रिटायर झाले.

फोन नंबर आहे माझ्याकडे, पण फोनवर लिहिलेलं पुसता येतं. आणि टाइप करायला बसले तर माझी बोटं सवयीनं दुसऱ्याचंच लिहितात. म्हणून पेन घेतलं.

आधी जे सांगायला सोपं आहे ते सांगते. तू फार मोठी झालीस, प्रतिक्षा. पुस्तकं खपतात म्हणून म्हणत नाही. लोकांना छापलेलं पान दिसतं, मला तुझी खाडाखोड दिसते. पहिल्या भागाचं, ‘बोडीकाठची टोळी’चं, पहिलं वाक्य तू चौदा वेळा लिहिलं होतंस. मी मोजलं आहे. पहिल्या तेरांत सकाळ होती, सूर्य होता, बोडीच्या पाण्यावर बगळे होते. चौदाव्यात नुसतं होतं, ‘डिंपलनं चप्पल हातात घेतली आणि बोडीत उतरली.’ ते टाइप करताना मी खुर्चीतून उठून दारात जाऊन उभी राहिले. एवढे बगळे उडवून लावायला छाती लागते.

समासातल्या तुझ्या नोंदी मी टाइप करत नाही, पण वाचते सगळ्या. ‘इथे पोरी हसल्या.’ ‘इथे मागच्या रांगेतल्या दोघी खिडकीबाहेर पाहत होत्या, काढून टाक.’ अनुप सांगत होता, तुझ्या सुट्टीत तू तो शिकवतो त्या शाळेच्या वसतिगृहात येऊन आठवीच्या पोरींना एकेक प्रकरण वाचून दाखवतेस आणि वाचताना पानाकडे कमी, त्यांच्या तोंडाकडे जास्त पाहतेस. दुसऱ्या भागातली तुझी आवडती अडीच पानं, ती जंगलातल्या चांदण्याची, तू पोरींची चुळबुळ पाहून आडवी रेघ मारून उडवलीस. मला ती फार आवडली होती. मी त्यांची एक झेरॉक्स काढून ठेवली आहे. ही पहिली चोरी कबूल.

आता काम. तिसऱ्या भागातलं नववं प्रकरण मला टाइप होत नाही. आठ झालं, दहा-अकरा झालं, नऊ तसंच पडून आहे. छापायला जाण्याआधी तुला काही सांगायचं आहे. आज नाही जमणार. गिऱ्हाईक आलं.

दामिनी


साकोली, सोमवार, २१ जुलै २०२५

प्रतिक्षा,

तुझं उत्तर आलं नाही. यायलाच हवं असं काही नाही.

खरं सांगते, मागच्या शनिवारी गिऱ्हाईक आलं नव्हतं.

आपल्याकडे धानाची रोवणी सुरू झाली. काल माहेरी गेले होते, आईच्या शेतातल्या दोन बांध्यांत चिखल करून ठेवला होता. धुरपताबाई अजून रोवणीच्या बायांच्या पुढेच आहेत. कंबर वाकली, पण तोंड वाकलं नाही. मला पाहून म्हणाल्या, “काहून वं दामिनी, तुही ते गोष्टवाली कुठं हाये? तिच्याबिगर बांधी सरतच नाई, बापा.”

आठवतं ना? आपण तेरा वर्षांच्या. सगळ्या बाया एका ओळीत वाकून धानाचे पऱ्हे चिखलात लावत मागं मागं सरकायच्या आणि तू गोष्ट सांगायचीस. मी तुझ्या शेजारी, ‘हव’ म्हणून हुंकार द्यायला. कोणी ‘हव’ म्हटलं नाही तर गोष्ट पुढं जात नाही, हा धुरपताबाईंचा नियम. दुसरा नियम त्याहून कडक. गोष्ट बांधी सरायच्या आधी सरली तर बायांचे हात ढिले पडतात, आणि बांधी आधी सरली तर पुढच्या बांधीत कोणी लवकर उतरत नाही. म्हणून पाय मागच्या बांधाला, धुऱ्याला, लागायच्या वेळीच गोष्टीत कोणीतरी दार ठोठावलं पाहिजे. एकदा तू चार हात आधीच राक्षस मारलास तर त्या कशा ओरडल्या होत्या! “अवं, थांबव त्याले, अजून जीव हाये त्याच्यात!”

तुझ्या पुस्तकांच्या परीक्षणांत लिहितात की प्रकरणांचे शेवट विलक्षण आहेत, ही लेखिका हे कुठं शिकली असेल. मी वाचते आणि दुकानात एकटीच हसते. तुझं प्रकरण हातानं लिहिलेल्या अकरा-बारा पानांचं असतं. आमच्या मधल्या बांधीएवढं.

आणि तरी आताची ही गोष्ट म्हणजे तेव्हाची ती नव्हे. सुरुवातीला मला वाटलं होतं, यातलं अर्धं माझं आहे, माझ्या ‘हव’वर उभं राहिलेलं आहे, आणि नाव एकटीचं. वर्षभर ही कुरकूर पोटात ठेवली. टाइप करता करता ती गेली. राक्षस काढून तिथं तू रेशनच्या रांगेत उभी असलेली आई आणलीस, आणि पोरी तिला राक्षसापेक्षा जास्त घाबरल्या. ते माझ्याच्यानं शंभर ‘हव’ म्हणूनही झालं नसतं. ज्याचं त्याला द्यावं.

आता नववं प्रकरण. पुस्तकातली टोळी ठरवते की गावातल्या एकाही पोरानं डोमाच्या दुकानात जायचं नाही. डोमानं पहिल्या भागात चुगली केली, डिंपल घरातून शिकायला पळून जात होती तेव्हा तिच्या बापाला फोन केला, आणि बापानं तिला भर बसस्टँडवर गाडीतून उतरवलं. म्हणून ही शिक्षा. तू फार छान लिहिलं आहेस. डोमा बरण्या पुसत एकटा बसलेला आहे, ते तर फारच.

पण तुला एक माहीत नाही, कारण तू अनुपच्या वसतिगृहापर्यंत येतेस, पण गावात येत नाहीस. पहिला भाग आला तेव्हा अनुपनं गावातल्या बुद्धविहारात वाचन ठेवलं. दोनशे माणूस होतं. तुझे बाबा, भैय्यालालकाका, पहिल्या रांगेत, टोपी मांडीवर ठेवून. निळं फाटक, समोर हापशी, नाकावरून घसरणारा चष्मा, एवढं ऐकल्यावर पोरांना डोमा कोण ते सांगावं लागलं नाही. सगळ्यांच्या माना खेमराजकाकांकडे वळल्या. ते हसले. त्यांना वाटलं असेल, आपलं दुकान पुस्तकात आलं. मग वाचत वाचत चुगलीचं पान आलं.

दोन वर्षं झाली. पोरं दुकानावरून जाताना ‘चुगलखोर’ ओरडतात. दुसरा भाग आल्यावर तर तालुक्यातून पोरं सायकलींवर पाहायला येऊ लागली. आता काका शाळेच्या मधल्या सुट्टीत फाटक ओढून घेतात. त्यांचा अर्धा धंदा त्याच सुट्टीचा होता. तुझं नववं प्रकरण छापून आलं, तर बाकीचा अर्धाही जाईल.

आणि त्यांनी काही केलेलं नाही.

तूही तसं लिहिलं नव्हतंस. तुझ्या खर्ड्यात डोमानं फोन केलाच नव्हता. फोन रुखमिणीनं केला होता, डिंपलच्या जिवलग मैत्रिणीनं, डोमाच्या दुकानातून. टाइप करताना मी त्या अकरा ओळींतून रुखमिणीला उचललं आणि डोमाला बसवलं. डोमानं डिंपलला पिशवी घेऊन जाताना पाहिलं, डोमानं फोन लावला. चार मिनिटांचं काम होतं. मग फाइल पाठवून दिली आणि रात्रीचा स्वयंपाक केला.

तू प्रुफात सुधारशील असं वाटलं होतं. तू सुधारलं नाहीस. उलट दुसऱ्या भागात रुखमिणीला इतकी चांगली केलीस की पोरी आता आपल्या वहीवर तिचं नाव लिहितात. संपादकानं बदललं असं तुला वाटलं का? मला कळत नाही. तुझ्या भल्यासाठी केलं, पुस्तकात मैत्रीचा शेवट वाईट नसावा म्हणून केलं, असं लिहिणार होते. लिहून खोडलं आहे, वर पाहा.

दामिनी


साकोली, सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

प्रतिक्षा,

अनुप तुझी चिठ्ठी देऊन गेला. सात वर्षांनी तीन ओळी! तुझ्या हातून तीन ओळी म्हणजे त्याआधी तीस खोडल्या असणार, म्हणून राग नाही.

तू लिहितेस की बदल तू प्रुफातच पाहिला. टायपिंग कोण करतं हे तर पहिल्याच दिवसापासून माहीत होतं, कारण अनुपला खोटं बोलता येत नाही. नववं प्रकरण तू माझ्यासाठीच लिहिलंस, मी ते टाइप करते का ते पाहायला. खेमराजकाकांचं मात्र तुला ठाऊक नव्हतं. आणि शेवटची ओळ, ‘आधी त्यांना सांग. मग मला.’

वाचून मी आधी भडकले. म्हणजे दोन पुस्तकं माझ्यासमोर धरून तू गंमत पाहत होतीस! मग शांत झाल्यावर ध्यानात आलं की तू गंमत पाहत नव्हतीस, वाट पाहत होतीस. कोणी आपलं लिहिलेलं बदललं तर तू किती चिडतेस ते मला माहीत आहे. देशमुख सरांनी तुझ्या निबंधातलं एक वाक्य फिरवलं तर तू तीन दिवस वर्गात बोलली नव्हतीस. तीच तू, माझ्या अकरा ओळी छापू दिल्यास. एवढंच नाही, त्या खोट्यावर पुढचं अख्खं पुस्तक रचलंस, आणि कुठं सांधा दिसू दिला नाहीस. लेखिका म्हणून याचं मला नवल वाटतं. मैत्रीण म्हणून काय वाटतं ते लिहायला मला तुझ्याएवढी भाषा येत नाही.

‘मग मला’ असं तू म्हटलं आहेस. पण क्रम उलटा करते. त्यांच्यासमोर उभं राहायला पाय उचलत नाहीत. तुला लिहून झालं तर कदाचित उचलतील.

१८ सालचा जून. पुण्याच्या एम.ए.चा तुझा फॉर्म मीच तुझ्याबरोबर भरला होता. तुझ्या बाबांना वाटायचं, तू भंडाऱ्याला बी.एड. करावंस. तू सकाळी नऊच्या गाडीनं जाणार हे फक्त मला माहीत होतं. माझ्या मोबाइलवरून फोन केला असता तर तुझ्या बाबांना माझा नंबर दिसला असता, म्हणून खेमराजकाकांना म्हटलं, “काका, एक फोन लावू द्या ना, माह्या मोबाइलात बॅलन्स नाई.” त्यांनी आपला फोन दिला आणि साखर मोजायला पाठ वळवली. मी आवाज बदलून तुझ्या बाबांना सांगितलं, “तुमची पोरगी साकोलीच्या स्टँडवर हाये.” एवढंच बोलले. तुझे बाबा विजेच्या खांबावर चढलेले होते, लाइनचं काम चालू होतं. तिथून उतरून तसेच आले असणार, कारण तुला गाडीतून उतरवताना त्यांच्या कमरेला खांबावर चढायचा पट्टा होता. ते तू लिहिलं आहेस. तुझ्या खर्ड्यात तो पट्टा आणि रुखमिणीचा बदललेला आवाज वाचला तेव्हाच मला कळलं की तू सगळं ताडलं आहेस; नऊच्या गाडीचं दुसऱ्या कोणाला माहीतच नव्हतं.

का सांगितलं? लोक म्हणतील, मैत्रीण दूर जाईल म्हणून. ते ऐकायला बरं वाटतं. खरं तसं नाही. फॉर्म मीही भरला होता, पण प्रवेशाच्या यादीत माझं नाव लागलं नव्हतं. निकेशच्या घरून मला पाहून गेले होते. तुझं जाणं मला बघवलं नाही. तू राहिली असतीस तरी मला तुझा काही उपयोग नव्हता. मला फक्त तू जायला नको होतीस. तुझं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी तू गेलीस तेव्हा मी स्टँडसमोरच राहत होते, आणि खिडकी लावून घेतली.

हे मी आजवर निकेशलाही सांगितलेलं नाही.

दामिनी


साकोली, बुधवार, २० ऑगस्ट २०२५

प्रतिक्षा,

काल जाऊन आले.

दुपारची वेळ होती. पोळा तोंडावर आला म्हणून रंग, बेगड, घुंगरं दुकानात लटकवलेली होती, पण मधली सुट्टी होणार म्हणून काका फाटक ओढायच्याच बेतात होते. मी म्हटलं, “काका, थांबा. मले तुमच्याशी बोलाचं हाये.” त्यांनी मला आत घेतलं आणि अर्धं फाटक उघडं ठेवलं. मी उभ्या उभ्याच सांगितलं. फोन मी केला. पुस्तकातलंही मीच बदललं. प्रतिक्षाचा काही दोष नाही.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, “मले माहीत होतं, बाई.”

मला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली.

“तू फोन ठेवून गेली, अन् दहा मिनिटांनं भैय्यालालचा उलटा फोन आला. ‘खेमराज, तुह्या फोनवरून कोन बोललं?’ म्हने. मी म्हटलं, मीच बोललो, सर्दी झाली हाये.”

“काहून म्हटलं असं, काका?”

“त्यानं तुले सोडलं असतं काय? तुही सोयरीक होऊन राहिली होती. पोरीच्या जातीचं नाव निघालं का निघालंच. मी दुकानदार. मले कोन काय म्हनन?”

आणि मग पोरं त्यांना ‘चुगलखोर’ म्हणू लागली, दोन वर्षं, तरी हा माणूस गप्प. मी विचारलं, तेव्हा तरी का नाही सांगितलंत? तर म्हणाले, “पुस्तकात छापून आलं होतं ना. मी म्हटलं, पोट्टीनं लिहिलं हाये तं तिचं काही कारन असन. तिची गोष्ट हाये. आपन कायले मधात तंगडी घालाची?”

प्रतिक्षा, मी त्यांच्या पोत्यावर बसून रडले. त्यांनी मला पाणी दिलं आणि वर पैसे न घेता बरणीतल्या दोन गोड गोळ्या दिल्या, लहान पोरीला देतात तशा. तुझ्या लिहिण्याचा मान तुझ्या वाचकांपैकी कोणी ठेवला असेल तर या माणसानं ठेवला, ज्याचं त्या पुस्तकानं नुकसान केलं. तू आजवर कितीही चांगली माणसं लिहिली असशील, हे तुलाही सुचलं नसतं. मला तर नाहीच.

तेवढ्यात सुट्टी झाली. अर्धं उघडं फाटक पाहून सात-आठ पोरी हापशीजवळ थांबल्या. एकीच्या हातात दुसरा भाग होता, कव्हर घातलेला. त्यांतली एक ओरडायला तोंड उघडणार, इतक्यात मी बाहेर गेले. काका मागून “राहू दे वं, राहू दे” म्हणत होते.

मी म्हटलं, “डोमानं सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.”

त्या दोन पावलं जवळ आल्या. मी सगळं सांगितलं, त्यांना कळेल एवढं. फोन, गाडी, पट्टा. तुझ्यासारखं नाही जमलं, मध्ये दोनदा अडखळले आणि शेवट तर आधीच सांगून बसले. पण एकीनंही खिडकीबाहेर पाहावं तसं कुठं पाहिलं नाही.

ती पुस्तकवाली म्हणाली, “म्हंजे तुमी रुखमिणी हा?”

“हव,” मी म्हटलं.

तिनं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. तिची निराशा झाली, हे स्पष्ट दिसत होतं. वहीवर लिहायचं नाव असं ढसाढसा रडून नाक लाल झालेलं नसतं. मला वाटलं, आता ही मला चुगलखोर म्हणेल. म्हणाली असती तरी मी ऐकून घेतलं असतं. तिनं पुस्तक छातीशी धरलं आणि विचारलं, “मंग डिंपल तुमच्याशी बोलते काय?”

मी म्हटलं, “तिनं तीन ओळी लिहिल्या.”

“अन् इथं काहून नाई आली?”

या प्रश्नाचं उत्तर मी वाटेत शंभर वेळा शोधलं आहे. ती पुण्यात असते, तिला काम आहे, ती मोठी लेखिका आहे. यातलं काहीही त्या पोरीला सांगता आलं असतं. पण ती तुझ्यासारखीच पाहत होती, पानाकडे नाही, तोंडाकडे.

“मी बोलावलंच नाई तिले,” मी म्हटलं.

नववं प्रकरण टाइप केलेलं नाही. खर्डा दुकानात जसाच्या तसा ठेवला आहे, त्याला मी हात लावणार नाही. तुला तो घ्यायला यावं लागेल.

मी बोलावते आहे, प्रतिक्षा. ये.

दामिनी